व्हेनिअर बिघडतं ते कडेवरून: पोर्सेलिनचे दात सांभाळायचे कसे आणि बदलायचे कधी

गेल्या काही दिवसांत नातेवाईकांच्या ग्रुपवर दोन गोष्टी सारख्या फिरतायत. एक म्हणजे अमेरिकेत लायसन्स नसताना लोकांच्या दातांवर व्हेनिअर चिकटवून देणाऱ्यांना झालेल्या अटका, तिथल्या डेंटल असोसिएशनला लोकांना जाहीर सावध करावं लागलं. दुसरी म्हणजे ते टर्की टीथचे व्हिडिओ, स्वस्तात होतं म्हणून तुर्कस्तानला जाऊन आलेली विशीतली पोरं आणि त्यांचे घासून घासून टोकदार करून ठेवलेले दात. हे बघून आपल्याकडे ज्यांनी आधीच व्हेनिअर बसवलेत ते धास्तावलेत, आणि ज्यांच्या घरी येत्या सीझनला लग्न आहे ते विचारतायत की बसवावे की नको, किती वर्षं टिकतात, मग पुढे काय.

मी नाशिकमध्येच एका डेंटल लॅबमध्ये सिरॅमिकचं काम करते. डॉक्टर तोंडात जे बसवतात ते आम्ही इथे बनवतो, आणि जे तुटतं, सुटतं, रंगाला चुकतं ते परत आमच्याच टेबलावर येतं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या तोंडाबद्दलचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण परत आलेली कामं बघून एक गोष्ट पक्की कळते, की पोर्सेलिन स्वतः क्वचितच खराब होतं, बिघाड सुरू होतो तो कडेवर, जिथे पोर्सेलिन संपतं आणि दात सुरू होतो तिथे. हे एकदा डोक्यात बसलं की काय खायचं, काय टाळायचं, कधी बदलायचं, सगळ्याची उत्तरं बऱ्यापैकी आपोआप मिळतात.

व्हेनिअर म्हणजे नेमकं काय

दाताच्या फक्त दर्शनी बाजूवर, म्हणजे ओठाकडच्या बाजूवर, चिकटवलेला पोर्सेलिनचा पातळ पापुद्रा. जाडी साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर. तयार झालेलं व्हेनिअर चिमट्यात धरून लॅबच्या दिव्यासमोर नेलं तर पलीकडचं बोट अंधुक दिसतं, इतकं ते पातळ असतं, आणि चिकटवायच्या आधी चुकून फरशीवर पडलं तर गेलंच समजा. हेच व्हेनिअर दाताला नीट चिकटलं की वर्षानुवर्षं चावण्याचा दाब सहन करतं, म्हणजे ताकद एकट्या पोर्सेलिनची नाही, पोर्सेलिन अधिक चिकटवण अधिक दात अशी तिघांची मिळून आहे.

कॅप वेगळी. कॅपसाठी दात चारही बाजूंनी घासावा लागतो आणि ती टोपीसारखी वरून बसते. टर्की टीथच्या व्हिडिओत दिसतात ते बहुतेक वेळा कॅपसाठी घासलेले दात असतात, नाव मात्र व्हेनिअरचं घेतलं जातं. कॉम्पोझिट व्हेनिअर पण वेगळं, ते म्हणजे सिमेंट भरताना वापरतात तोच दातांच्या रंगाचा प्लास्टिकवर्गी मसाला डॉक्टर थेट दातावर लावून आकार देतात, एका बैठकीत होतं, स्वस्त पडतं, पण लवकर डागाळतं आणि साधारण ५-७ वर्षांत त्याचं काम परत काढावं लागतं. या लेखात बोलतेय ते पोर्सेलिनबद्दल, त्यात जुनं फेल्डस्पॅथिक पोर्सेलिन आलं आणि हल्ली जास्त चालणारं लिथियम डायसिलिकेट पण आलं, ज्याला क्लिनिकमध्ये सगळे ई-मॅक्स म्हणतात.

ते दाताला चिकटून राहतं कसं

दाताचं सगळ्यात बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, वजनाने जवळपास ९६ टक्के खनिज. त्याच्या आत डेंटिन, ते मऊ, ओलसर, सूक्ष्म नळ्यांनी भरलेलं, आणि त्याच्या आत नस. इनॅमल एकदा गेलं की पुन्हा येत नाही, शरीराकडे ते बनवायची सोयच उरलेली नसते.

१९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर नावाच्या अमेरिकन डेंटिस्टने दाखवून दिलं की इनॅमलला थोडा वेळ अॅसिड लावलं तर त्याचा पृष्ठभाग डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक खडबडीत होतो आणि त्या खाचांमध्ये रेझिन, म्हणजे पातळ लावून मग घट्ट होणारा प्लास्टिकवर्गी मसाला, शिरून घट्ट धरतं. पुढे १९८३ च्या सुमारास हीच युक्ती पोर्सेलिनच्या आतल्या बाजूला वापरली गेली, तिथे हायड्रोफ्लोरिक अॅसिड लावतात आणि वर सायलेन नावाचं रसायन, जे पोर्सेलिनला आणि रेझिनला दोघांना धरून ठेवतं. त्याआधी म्हणजे १९२०-३० च्या दशकात चार्ल्स पिंकस नावाचे डेंटिस्ट हॉलिवूडच्या नटनट्यांना शूटिंगपुरते असे पापुद्रे लावून द्यायचे, काम संपलं की काढून ठेवायचे, कारण कायमचं चिकटवायची सोयच नव्हती.

आता कल्पना करा बाथरूमच्या टाईल्सची. टाईल्स वीस वर्षांनी सुद्धा पुसल्या की चकचकीत निघतात, पण दोन टाईल्समधलं व्हाईट सिमेंट काळं पडतं, झिजतं, मग तिथून पाणी मागे जातं आणि एक दिवस टाईल वाजवली की पोकळ आवाज येतो. व्हेनिअरचं अगदी तसंच आहे. पोर्सेलिन ही टाईल, रेझिन सिमेंट हा जोड, आणि मागची भिंत म्हणजे तुमचा दात. जोड उघडा पडतो तो सगळ्या बाजूंनी कडेलाच, आणि सगळ्यात जास्त हिरडीजवळ, कारण तिथे इनॅमल मुळातच पातळ असतं, घासताना ते गेलं तर सिमेंटला डेंटिनवर चिकटावं लागतं. डेंटिन ओलं असल्याने तिथली पकड इनॅमलइतकी टिकत नाही, वर्षं जातील तशी कमी होत जाते.

म्हणून डॉक्टर जेव्हा म्हणतात "कमीत कमी घासून करू", तेव्हा ते तुमच्या पुढच्या वीस वर्षांबद्दल बोलत असतात. आणि कोणी फार पांढरे, फार सरळ, दोन बैठकांत करून देतो म्हणालं तर विचारा की इनॅमल किती शिल्लक राहणार.

मग १० वर्षांनी बदलावेच लागतात का?

नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की काही जण दहावं वर्ष लागलं की स्वतःच अपॉइंटमेंट घ्यायला निघतात. १०-१५ वर्षं हा सर्वसाधारण अंदाज आहे, एक्सपायरी डेट नाही. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या डॉक्टरांचा २०१२ मध्ये छापलेला अभ्यास आहे, त्यात १० वर्षांनी ९० टक्क्यांहून जास्त पोर्सेलिन व्हेनिअर शाबूत होते आणि २० वर्षांनी सुद्धा ८० टक्क्यांच्या वर. त्याच अभ्यासात झोपेत दात खाणाऱ्यांची व्हेनिअर जास्त निकामी झाली, त्यावर खाली येतेच.

व्यवस्थित असलेलं व्हेनिअर तारीख बघून काढणं म्हणजे दाताचं नुकसान करून घेणं, कारण काढताना दाताचा थोडा भाग जातोच. उलट तीन वर्षांचं व्हेनिअर असेल आणि कडेखाली कीड लागली असेल तर ते लगेच काढायला हवं. वय बघू नका, कड बघा.

पोर्सेलिनला डाग पडत नाही म्हणतात, मग तपकिरी रेघ कसली?

पोर्सेलिनवर वरून काचेसारखा थर असतो, भट्टीत आम्ही शेवटचं फायरिंग त्यासाठीच करतो, त्याला ग्लेझ म्हणतात. त्या थरात चहा, हळद, तंबाखू काही शिरत नाही. पण कडेचं रेझिन सिमेंट डाग शोषून घेतं. हिरडीजवळ किंवा दोन दातांच्या मधे बारीक तपकिरी रेघ दिसायला लागली तर ती बहुतेक वेळा सिमेंटची असते. फक्त वरवरचा डाग असेल तर डॉक्टर पॉलिश करून काढतात. पण रेघेखाली फट पडली असेल, डॉक्टरांच्या तपासणीच्या टोकदार अवजाराचं (एक्स्प्लोररचं) टोक अडकत असेल, तर पॉलिशने भागणार नाही.

अजून एक गोष्ट होते ती लोकांच्या लक्षात उशिरा येते. वयाप्रमाणे आपले खरे दात हळूहळू पिवळसर होत जातात, व्हेनिअर आहे तिथेच राहतं. पुढच्या चार दातांना व्हेनिअर असतील तर दहा वर्षांनी शेजारचे सुळे वेगळे दिसायला लागतात आणि वाटतं की व्हेनिअरचा रंग बदलला. यावर उपाय शेजारच्या खऱ्या दातांचं ब्लीचिंग हा असू शकतो. व्हेनिअरवर ब्लीचिंगचा काडीचा परिणाम होत नाही, त्यामुळे ऑनलाइन मिळणाऱ्या व्हाईटनिंग स्ट्रिप व्हेनिअरवर लावून काही मिळणार नाही.

आणि व्हेनिअरच्या मागून करडी सावली दिसत असेल तर प्रकरण वेगळं. आतला दात काळवंडला असेल, कधीतरी मार लागलेला किंवा रूट कॅनल झालेला असेल, पातळ पोर्सेलिनमधून ते दिसतं. तिथे आधी दाताचं कारण शोधायचं, व्हेनिअरला दोष देऊन उपयोग नाही.

आपल्या नाशिकचं खाणं आणि व्हेनिअर

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न मिसळीचा. बिनधास्त खा. मटकी मऊ, पाव मऊ, तर्रीने पोर्सेलिनला काही होत नाही, हळद-मसाल्याचा रंग कडेच्या सिमेंटवर चढू शकतो म्हणून नंतर चूळ भरा एवढंच. पापड, चिवडा, शेव हे सुद्धा चालतं, आपण ते दाढांनीच चावतो.

जे चालत नाही ते म्हणजे पुढच्या दातांनी ओढणं, फोडणं, सोलणं. संक्रांतीला ऊस पुढच्या दातांनी सोलायचा नाही, गंडेरी करून घ्या आणि दाढेने चावा. गोदाघाटावर किंवा सोमेश्वरला भाजलेलं कणीस पुढच्या दातांनी करवतायची आपल्याला सवय आहे, ते दाणे काढून खा. पेरू अख्खा तोडू नका, फोडी करा. तिळाची कडक वडी, शेंगदाण्याची चिक्की पण आधी हाताने तुकडा मोडून मग तोंडात. व्हेनिअरला सरळ दाब सहन होतो, पण पुढच्या दाताच्या टोकावर आडवा जोर बसला, पिळल्यासारखा, की टोकाचा कपचा उडतो. लॅबमध्ये परत येणारे तुकडे बहुतेक या टोकाचेच असतात.

पण खरं सांगू का, खाण्यापेक्षा दातांचा हत्यार म्हणून होणारा वापर जास्त घातक. शिवताना दोरा दाताने तोडणं, शाम्पूची पुडी फाडणं, केसांची पिन दातांनी उघडणं, बाटलीचं झाकण, नखं, पेनचं टोपण. एकदा केल्याने काही दिसत नाही म्हणून सवय सुटत नाही. दातांनी फक्त जेवायचं, हा नियम घरातल्या सगळ्यांनाच लागू करा, व्हेनिअर असो नसो.

द्राक्षं खा, काही हरकत नाही, मात्र सीझनमध्ये आंबट द्राक्षं दिवसभर तोंडात टाकत राहिलं किंवा वायनरीत टेस्टिंगला गेल्यावर वाईन बराच वेळ तोंडात घोळवली तर कडेच्या आजूबाजूचं तुमचं स्वतःचं इनॅमल अॅसिडमुळे मऊ पडतं. पोर्सेलिन टिकेल, शेजारचा दात झिजेल, आणि मग कड उघडी पडेल. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश नका करू, पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास जाऊ द्या.

ब्रश, पेस्ट आणि मिश्री

मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, हिरडीकडून दाताच्या टोकाकडे. फ्लोराईडवाली साधी पेस्ट चालते. कोळशाची पेस्ट, स्मोकर्स पेस्ट, लाल दंतमंजन, आणि मिश्री, हे सगळं व्हेनिअरवाल्यांनी बंद करायला हवं, कारण यातले खरखरीत कण ग्लेझवर बारीक ओरखडे पाडतात. चमक जाते आणि मग त्या ओरखड्यांत मळ बसायला लागतो. मिश्रीचं तर दुहेरी नुकसान, त्यात तंबाखू आहे, हिरड्या मागे सरकतात आणि हिरडीखाली लपलेली कड उघडी पडते. आपल्याकडे गावाकडच्या कितीतरी मावश्या-काकू अजून सकाळी मिश्री लावतात, लेकीच्या लग्नात फोटोसाठी आईचे पण दात करून घेतले जातात आणि मिश्रीबद्दल कोणी विचारतच नाही. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही स्वतःहून सांगा, लाजू नका, तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहे तो वेगळाच.

फ्लॉस रोज एकदा. भीती वाटते की फ्लॉसने व्हेनिअर निघेल, तर नीट चिकटलेलं व्हेनिअर फ्लॉसने निघत नाही. फक्त फ्लॉस वर झटक्यात ओढण्याऐवजी आडवा बाजूने सरकवून काढा. एकाच जागी रोज फ्लॉसचे धागे सुटत असतील तर तिथे कडेला काहीतरी उचललं गेलंय, पुढच्या व्हिजिटला ती जागा बोट ठेवून दाखवा.

क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश डॉक्टरांनी जितके दिवस सांगितला तितकेच दिवस, जास्त वापरला तर तपकिरी डाग पडतात आणि ते नेमके कडेवर चढतात.

क्लिनिकमध्ये सांगायलाच हव्यात अशा गोष्टी

स्केलिंगला, म्हणजे दात मशीनने साफ करायला, बसलात की आधी सांगा की कोणत्या दातांवर व्हेनिअर आहेत. चांगलं व्हेनिअर पटकन ओळखू येत नाही, आणि मशीनच्या कंप पावणाऱ्या टोकाने थेट कडेवर काम केलं तर कपचा उडू शकतो. डॉक्टरला माहीत असेल तर ते तिथे हाताच्या अवजाराने सांभाळून करतात.

दुसरं, फ्लोराईड जेल. क्लिनिकमध्ये वापरलं जाणारं एक जेल अॅसिडिक असतं, एपीएफ म्हणतात त्याला, ते पोर्सेलिनचं ग्लेझ खातं. व्हेनिअरवाल्यांसाठी न्यूट्रल सोडियम फ्लोराईड असतं. एवढं एकच वाक्य बोलायचंय, "डॉक्टर, मला व्हेनिअर आहेत, न्यूट्रलवालं वापराल ना?"

झोपेत दात खाता का?

व्हेनिअरचा सगळ्यात मोठा शत्रू हाच. जेवताना आपण जपून चावतो, झोपेत दात खाताना शरीराला भान नसतं, जोर कितीतरी जास्त लागतो आणि तोही आडवा. स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला आवाज येतो. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला, कानशिलं दुखतात, खालच्या दातांची टोकं सपाट झालेली, ही लक्षणं असतील तर डॉक्टरांकडून नाईट गार्ड करून घ्या. हे प्लास्टिकचं कव्हर रात्री दातांवर बसवायचं, मापावरून लॅबमध्येच बनतं. लोक व्हेनिअरवर भरपूर खर्च करतात आणि नाईट गार्डला "नंतर बघू" म्हणतात, किंवा करून घेतात आणि डबीतच ठेवतात. माझं स्पष्ट मत आहे की दात खाणाऱ्या माणसाने गार्ड वापरायची तयारी नसेल तर व्हेनिअर करूच नये.

गार्ड थंड पाण्याने धुवायचा, उकळत्या पाण्यात टाकला तर वाकडा होतो.

सुटून हातात आलं तर

पहिली गोष्ट, फेविक्विक नाही. अजिबात नाही. लग्न दोन दिवसांवर असलं तरी नाही. ते तोंडासाठी नाही, व्हेनिअर थोडं जरी वाकडं बसलं तर ते काढताना फुटतं, आणि आतल्या बाजूवर जमलेला तो थर साफ करताना पातळ पोर्सेलिनला तडा जातो. फेविक्विक लावून आलेलं काम बहुतेक वेळा नवीनच बनवावं लागतं.

व्हेनिअर अख्खं असेल तर पाण्याने हलक्या हाताने धुवा, बेसिनचं भोक आधी बंद करा, आणि एखाद्या कडक डबीत कापसावर ठेवून क्लिनिकमध्ये न्या. पाकिटात, रुमालात, कागदात गुंडाळून आणलं तर वाटेतच मोडतं. मधल्या काळात त्या दाताला थंड-गरम लागून कळ येऊ शकते, ते नॉर्मल आहे.

अशी डबी आमच्याकडे आली की आम्ही आधी व्हेनिअर उलटं करून भिंगाखाली आतली बाजू बघतो. सगळी हकीकत तिथेच असते. आतून स्वच्छ पोर्सेलिन दिसलं आणि डॉक्टर म्हणाले की सिमेंट सगळं दातावर राहिलंय, तर पकड पोर्सेलिनच्या बाजूने सुटलीये, म्हणजे चिकटवताना आतली बाजू नीट तयार झाली नव्हती किंवा लाळ लागली होती. ही त्यातल्या त्यात चांगली बातमी, साफ करून, पुन्हा अॅसिड आणि सायलेन लावून तेच व्हेनिअर परत बसू शकतं. उलट सिमेंटचा सगळा थर व्हेनिअरच्या आत चिकटलेला असेल आणि दात उघडा असेल, तर दाताच्या बाजूने सुटलंय, मग डॉक्टर बघतात की तिथे इनॅमल उरलंय का, कीड आहे का. एकच व्हेनिअर दोनदा-तीनदा सुटत असेल तर पुन्हा पुन्हा चिकटवत बसण्यात अर्थ नाही, चावण्याची ठेवण तपासायला हवी.

बदलायची वेळ खरंच कधी आली

कडेखाली कीड असेल तर थांबायचं नाही. ही कीड बाहेरून दिसत नाही, दुखतही नाही सुरुवातीला, म्हणून वर्षातून एक-दोनदा तपासणी आणि डॉक्टरांना वाटलं तर एक्स-रे. फक्त दुखलं की जायचं असं ठरवलंत तर तोपर्यंत रूट कॅनलची पाळी येते.

पोर्सेलिनला आरपार तडा गेला असेल, जिभेला खरखर लागत असेल, थंड पाणी तिथेच झोंबत असेल तर बदलायचं. पण टॉर्चच्या उजेडात दिसणारी केसाएवढी रेघ, जी जिभेला लागत नाही, त्यात डाग शिरत नाही, ती नुसती फोटो काढून नजरेखाली ठेवली तरी चालते. टोकाचा बारीक कपचा उडाला असेल तर तो पॉलिश करून गुळगुळीत करता येतो किंवा कॉम्पोझिटने भरता येतो. एवढ्यासाठी नवीन व्हेनिअर कोणी सुचवलं तर दुसरीकडे दाखवा.

हिरडी वर सरकून खालचा पिवळसर दात दिसायला लागला, हे काळजीपेक्षा दिसण्याचं जास्त असतं, कड घट्ट आणि स्वच्छ असेल तर घाई नाही. मात्र हिरडी का सरकली हे न शोधता नवीन बसवलं तर ती पुन्हा सरकणार. व्हेनिअरच्या कडेलाच हिरडी सतत लाल, सुजलेली, ब्रशला रक्त येतं, तर कड जाड राहिलीये किंवा जास्तीचं सिमेंट अडकलंय, ते तपासून घ्या.

आणि फक्त रंग आवडेनासा झाला, सहा महिन्यांपूर्वीचे आता फार पांढरे वाटतात, हे कारण सगळ्यात दुबळं. व्हिटा कंपनीच्या जुन्या शेड गाईडमध्ये, म्हणजे दातांचे रंग जुळवायच्या नमुन्यांच्या पट्टीत, १६ शेड असतात, त्यात बी१ ही सगळ्यात उजळ समजली जाते, पण हल्ली लोकांना त्याच्याही पुढच्या ब्लीच शेड हव्या असतात. मी प्रत्येक वेळी डॉक्टरांना म्हणते की पेशंटला डोळ्यांच्या पांढऱ्या भागाशेजारी शेड धरून दाखवा, दिवसाच्या उजेडात, खिडकीशी. क्लिनिकच्या पिवळ्या दिव्याखाली ठरवलेला रंग मांडवात वेगळाच दिसतो.

काढले तर खाली आपला जुना दात मिळतो ना?

बहुतेकांना नाही मिळत. बसवताना इनॅमल घासलं असेल तर व्हेनिअरशिवाय तो दात ठेवता येत नाही, आयुष्यभर त्यावर काहीतरी लागणारच. काहींना न घासता बसवलेले असतात, नो-प्रेप म्हणतात, त्यांना परतीचा थोडा मार्ग असतो, पण ते सगळ्यांना जमत नाही, दात आधीच पुढे आलेले असतील तर अजून जाड दिसतात.

जुनं व्हेनिअर काढताना ते बरने, म्हणजे ड्रिलच्या फिरत्या टोकाने, घासून काढतात. अडचण अशी की सिमेंट दाताच्याच रंगाचं, त्यामुळे सिमेंट कुठे संपलं आणि दात कुठे सुरू झाला हे बघत बघत जावं लागतं आणि कितीही हात सांभाळला तरी दाताचा थोडा भाग जातो. एर्बियम लेझरने सिमेंट सैल करून व्हेनिअर अख्खं काढता येतं, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी असते. म्हणजे प्रत्येक बदलाला इनॅमल कमी, पकड कमी, आणि दोन-तीन बदलांनंतर कॅपवर यावं लागण्याची शक्यता. पंचविशीत बसवणाऱ्या मुलीला पुढचे पन्नास वर्षं काढायचीयेत. तिच्या आईवडिलांनी हे गणित लग्नाच्या खर्चात धरून मग होकार द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

एकच बदलायचं की सगळे?

खराब झालं तेवढंच. पण एकच नवीन व्हेनिअर शेजारच्या जुन्यांशी जुळवणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड, सहा नवीन करणं त्यापेक्षा सोपं. मधल्या दोनपैकी एक असेल तर डोळा नेमका तिथेच जातो. जुळवायला लागतं काय, तर जुनं मटेरियल कोणतं होतं, शेड कोणती, आणि शेड टॅब (रंगाचा नमुना) दाताशेजारी धरून काढलेले फोटो. शेजारच्या खऱ्या दातांना ब्लीचिंग करायचं असेल तर ते आधी, आणि त्यानंतर साधारण दोन आठवडे थांबून मग शेड घ्यायची, कारण ब्लीचिंगनंतर रंग थोडा मागे येतो आणि चिकटवणही लगेच नीट धरत नाही.

कोणाकडे करायचं

मी व्हेनिअर बनवू शकते, बसवू शकत नाही. कायद्याने डेंटिस्ट वेगळे, डेंटल मेकॅनिक वेगळे, तोंडात व्हेनिअर बसवायचा अधिकार फक्त डेंटिस्टचा. त्यामुळे ब्युटी पार्लरमध्ये, घरी येऊन, रील बघून मागवलेल्या किटने, हे काही नको. डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर विचारायला संकोच करू नका. गुंतागुंतीचं काम असेल, चावण्याची ठेवण बिघडलेली असेल, तर प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कृत्रिम दातांमध्ये एमडीएस केलेले डॉक्टर, त्यांना दाखवा. "सगळे बदलायला लागतील" असं कोणी सांगितलं आणि मन मानत नसेल तर दुसरं मत घ्या, पंचवटीत मुंबई-आग्रा हायवेला के.बी.एच. डेंटल कॉलेज आहे, डेंटल कॉलेजच्या ओपीडीत शिकवणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली तपासणी होते.

बदलायचं ठरलंच तर काम सुरू व्हायच्या आधी पाच गोष्टी विचारून घ्या. जुनं का बिघडलं, ते कारण दूर झालं का, किती इनॅमल उरलंय, मधल्या दिवसांत टेम्पररी देणार का, आणि फायनल चिकटवण्याआधी ट्राय-इन करून, म्हणजे न चिकटवता नुसतं लावून, आरशात बघायला मिळणार का. ट्राय-इनला घरातलं एखादं माणूस सोबत न्या, हसा, बोला, "फ", "व" म्हणून बघा, वरच्या दातांची टोकं लांब झाली असतील तर हीच अक्षरं अडकतात. त्या वेळी सांगितलेली दुरुस्ती लॅबमध्ये होऊ शकते, एकदा चिकटवल्यावर नाही.

आणि काम झाल्यावर मटेरियलचं नाव, शेड नंबर, बसवल्याची तारीख आणि कोणते दात हे क्लिनिकच्या कागदावर लिहून मागा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. उद्या डॉक्टर बदलले, तुम्ही पुण्याला गेलात, किंवा एखादा कपचा उडाला, तर पुढच्या लॅबवाल्याला सुरुवात त्या कागदापासून करता येते.